मावशींचा फ्रिज

(एका संस्थेच्या ऑफिसची एकच खोली. दारावर बाहेरून पाळणाघरातल्या बारा जागांची यादी आज सकाळीच लागली आहे.)

विद्यार्थिनी: पण ताई, तो फ्रिज बंद आहे! त्याला वायरसुद्धा नाही!

ताई: मग फॉर्मवर ‘घरात फ्रिज आहे का’ याच्यापुढे ‘हो’ला गोल कोणी केला? मी?

विद्यार्थिनी: मी केला. दिसला म्हणून केला. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, जे दिसतं ते लिहा, कहाण्या लिहू नका.

ताई: सांगितलं होतं, आणि उद्याही सांगेन. तुमच्या कॉलेजची गेल्या वर्षीची तुकडी होती ना, त्यांनी कहाण्याच लिहून आणल्या. प्रत्येक घर म्हणजे जगातलं सगळ्यात दुःखी घर! वाचून मी रडले खरी, पण बारा जागा कोणाला द्यायच्या ते काही कळेना. म्हणून हे गरजेचे गुण आले. फ्रिज असला की चार गुण कापायचे. तुझ्या त्या जिने पुसणाऱ्या मावशी दोन गुणांनी राहिल्या.

विद्यार्थिनी: दोन गुणांनी! आणि त्या नातीच्या कमरेला जुनी ओढणी बांधून तिला जिन्याच्या कठड्याला अडकवतात नि मग फरशी पुसतात, त्याचे किती गुण?

ताई: त्याला रकाना नाही.

विद्यार्थिनी: मग कसला डोंबलाचा फॉर्म हा!

ताई: फॉर्मवर राग काढू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. फ्रिज बंद आहे हे तुला कळलं कधी?

विद्यार्थिनी: आत्ता. यादी बघून परत चालल्या होत्या, कोपऱ्यावर भेटल्या. मी म्हटलं, फ्रिजमुळे राहिलं असेल. तर म्हणाल्या, अगं, कसला फ्रिज, कपाट आहे ते माझं.

ताई: म्हणजे यादी लागल्यावर. वरातीमागून घोडं.

विद्यार्थिनी: बदला ना ताई. एक गोल खोडायचा, शेजारी दुसरा काढायचा. दोन मिनिटांचं काम.

ताई: एक गोल खोडला की उद्या दारात रांग लागेल. नियम आहे त्याला. पाहणी करणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं की पाहणी नीट झालेली नाही. मग तो एकच फॉर्म नाही, तुझे अडतीसच्या अडतीस रद्द. सगळी घरं पुन्हा.

विद्यार्थिनी: करते पुन्हा. पाय मोडलेत का माझे?

ताई: आणि तास? कॉलेजला एकशेवीस तास दाखवायचेत तुला, शुक्रवारपर्यंत. त्यातले नव्वद या पाहणीचे. रद्द झालेल्या पाहणीच्या तासांवर मी सही कशी करू?

विद्यार्थिनी: म्हणजे मी नापास.

ताई: पुढच्या सत्रात पुन्हा फील्डवर्क.

विद्यार्थिनी: घरी काय सांगू मी? बाबा आधीच विचारतात, तुला पदवीला घातलंय की लोकांची दारं मोजायला.

ताई: म्हणून सांगते, गप्प बस. पुढच्या वर्षी पहिला फॉर्म त्यांचाच भरू.

विद्यार्थिनी: पुढच्या वर्षी ती पोर शाळेत जाईल, ताई! तेव्हा कशाला हवंय पाळणाघर?

ताई: माहीत आहे मला! बारा जागा काय मी ठरवल्या? तीस मागितल्या होत्या मी. तीन पत्रं लिहिली. आणि ओरडू नकोस माझ्यावर. सकाळपासून सात जणी ओरडून गेल्यात. आठवी तू.

मावशी: मग नववी मी. येऊ का आत?

ताई: या मावशी. बसा. नात कुठाय?

मावशी: शेजारणीकडे ठेवलीय, दहा मिनिटं म्हणून. त्यामुळे उभ्यानंच बोलते. घरीच निघाले होते, अर्ध्या वाटेत डोकं फिरलं, म्हटलं तोंडावर बोलून तरी यावं.

विद्यार्थिनी: मावशी, माझं चुकलं.

मावशी: चुकलंच! मी म्हटलं नव्हतं तुला, उघडून बघ?

ताई: काय उघडून?

मावशी: फ्रिज हो. ज्या इमारतीचे जिने पुसते, तिथल्यांनी टाकून दिलेला. दोघा हमालांच्या हातापाया पडून घरी आणला. उंदीर पीठ ठेवत नाहीत आमच्याकडे. आता पीठ त्यात, डाळ त्यात, पोरीचे कपडे त्यात. दार लागत नाही म्हणून नाडी बांधलीय. मी हिला म्हटलं, पोरी, एकदा उघडून बघ. तर ही काय म्हणाली, विचारा.

ताई: काय म्हणालीस गं?

विद्यार्थिनी: राहू दे म्हणाले.

मावशी: ‘राहू दे मावशी, बरं दिसत नाही.’ आणि गोल करून मोकळी!

ताई: पण का?

विद्यार्थिनी: घरी तसंच शिकवलंय. लोकांकडे गेलं की डबे उघडायचे नाहीत, फ्रिज उघडायचा नाही. मला वाटलं, त्या मला काहीतरी खायला काढून देणार. त्यांच्या घासातलं मी कसं खाऊ?

मावशी: बघा. चांगल्या वळणाची पोर आहे. तिचं वळण माझ्या नातीला भोवलं.

ताई: मावशी, फार बोलू नका तिला. तिनं चूक लिहून दिली तर कॉलेजात नापास होतेय ती. आणि तुमचं नाव वर आलं की यादीतलं बारावं खाली उतरणार. तेही कुणाचं तरी लेकरूच आहे.

मावशी: ते मी कशाला बघू? बघायला तुम्ही बसलाय ना खुर्चीत? परवा ओढणीची गाठ सुटली. चार पायऱ्या गडगडली पोर, ओठ फाटला. इमारतीतले म्हणतात, तिला घेऊन यायचं असेल तर येऊ नका. तिकडे लेकीला शब्द दिलाय, तू जा परगावी कामाला, तुझी पोर मी सांभाळते. आता तुम्हीच सांगा शिकलेल्यांनी, काय सोडू? पोर की जिने?

विद्यार्थिनी: ताई, कागद द्या.

ताई: थांब जरा. रागाच्या भरात नको. उद्या लिही.

विद्यार्थिनी: उद्यापर्यंत घरी विचारीन, आणि घरचे म्हणतील राहू दे. आत्ताच द्या.

ताई: काय लिहिणार आहेस?

विद्यार्थिनी: ‘फ्रिज पाहिला, पण उघडून पाहिला नाही. बाकीच्या सदतीस घरांतही काही उघडून पाहिलेलं नाही. निम्मे फॉर्म तर उंबऱ्यात उभं राहूनच भरले.’

ताई: उंबऱ्यात?

विद्यार्थिनी: आत बोलावतात हो सगळे. मलाच अवघडल्यासारखं होतं.

ताई: अगं, आणि त्यावर मी बारा घरांचं भवितव्य चिकटवलं दाराला! तू एवढी झरझर फॉर्म आणत होतीस, मला वाटलं, किती हुशार मुलगी. एकदाही तुझ्याबरोबर आले नाही. लिही. खाली जागा ठेव, मलाही सही करावी लागेल. आणि लिहून झालं की दारावरची ती यादी काढून आण.

मावशी: मग मला जागा मिळणार का?

ताई: आत्ता नाही सांगता येत, मावशी. खोटं कशाला बोलू? सगळी घरं पुन्हा बघितल्यावर. आठ दिवस तरी जातील.

मावशी: म्हणजे आठ दिवस बांधूनच. निघते मी. दहाची वीस मिनिटं झाली.

विद्यार्थिनी: मावशी, उद्या सकाळी पहिलं तुमच्याकडेच येते.

मावशी: सकाळी मी जिन्यावर असते. दुपारी ये. आणि ती नाडीची गाठ घट्ट असते, सावकाश सोड. तुटली तर उंदीर शिरतील.