पहिल्या वाफेचा मान

मंडळी, आंबेखोलच्या गावदेवीचा नैवेद्य उष्टा झाला!

— काय? मी म्हणालो असं? छे! असं काही घडलेलंच नाही. तबलजी, तुम्ही ऐकलंत काही? बघा, नाही म्हणतायत. पेटीवाले तर मघापासून कुणाचंच ऐकत नाहीत, ते त्यांच्या सुरावरून कळतंच आहे. तर ठरलं. नैवेद्य उष्टा झाला नाही. स्वस्थ बसा, आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

आपण देवापुढे ताट ठेवतो. भोवती पाणी फिरवतो. डोळे मिटतो. डोळे उघडतो — शिरा तेवढाच! एक बेदाणा कमी नाही! मग देव जेवला काय? जाणती माणसं सांगतात, देव वास घेतो. म्हणूनच पूजेचं फूल आपण हुंगत नाही. लहानपणी हुंगलं की पाठीत धपाटा बसायचा, आठवतो ना? आता प्रश्न असा — जिनं रांधलं, तिनंच देवाच्या आधी वास घेतला, तर ते देवाला पोचतं की नाही पोचत?

सांगा की! ...पहिल्या रांगेतले आजोबा, जांभई उत्तर म्हणून धरत नाहीत.

बरं, मीच सांगतो. ऐका मंडळी!

आंबेखोल हे तळकोकणातलं गाव. एक देऊळ, एक वाणी, आणि एक देवस्थान कमिटी — सात सभासद आणि सोळा मतं. आश्विनात, पाऊस उघडीप द्यायला लागला की, तिथे देवीला धोंडस लागतं. धोंडस ठाऊक आहे? पिकून पिवळं पडलेलं तवसं, म्हणजे काकडी हो, ती किसायची. त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची. आणि वरून ईडलिंबाची साल, अगदी हलक्या हाताने किसलेली. पितळी टोपाच्या बुडाला हळदीची पानं अंथरायची, वर हे सगळं ओतायचं, झाकण घालायचं. मग खाली निखारे, आणि झाकणावरही निखारे! केक म्हणतात ना हल्ली, त्याचा हा थोरला चुलता. फरक एवढाच, की हा कापताना कुणी टाळ्या वाजवत नाही.

हे धोंडस देवळाच्या रांधपघरात करायची मथुराकाकी. चाळीस वर्षं! आणि चाळीस वर्षं — आता हसू नका — नाकाला फडकं बांधून!

गावाचा नेमच तसा. पहिली वाफ देवीची. रांधणारणीने वास घ्यायचा नाही. टोप भाजून झाला की गुरव येणार, झाकणासकट उचलून गाभाऱ्यात नेणार, झाकण देवीसमोर उघडणार. काकी चुलीपाशीच. आरती होणार, गाऱ्हाणं होणार, अध्यक्षांचं भाषण होणार. भाषणात धोंडसच काय, निखारेसुद्धा थंड! मग काकीच्या हातावर एक वडी. गोड, मऊ, सुरेख. पण वास? तो गेलेला असायचा.

आणि गंमत बघा! भाजताना तो वास कौलांतून बाहेर पडून गावभर हिंडायचा. वाण्याचं गिऱ्हाईक पैसे विसरायचं. कुत्री देवळाकडे तोंड करून ओळीने बसायची, तुमच्यापेक्षा शिस्तीत! कुणीतरी विचारलंच, "मग गावाने वास घेतलेला चालतो तो?" कमिटीने तीन बैठका घेऊन ठराव केला — वाऱ्याने आपणहून नाकात आलेला वास, हा वास घेणे या व्याख्येत बसत नाही. कुत्र्यांसह सर्वांना माफ. वगळलं कुणाला? जिनं केलं तिला.

तुम्ही म्हणाल, काकीने घरी करून बघावं. नाही! दुसरा नेम. जो हात देवीचं धोंडस करतो, त्या हाताने ते दुसऱ्या चुलीवर करायचं नाही. काकीने नेम मोडला नाही. तक्रारही केली नाही.

मग एका वर्षी काय झालं?

त्या वर्षी धोंडसाच्या आठ दिवस आधी काकी कमिटीच्या बैठकीत येऊन उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतलेला, हाताला हळदीचे डाग. सेक्रेटरी होते अंकुशराव. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरी चहा मागायचा तरी "सदर चहा" म्हणायचे.

"बोला काकी. विषय काय?"

"माका एकदाच वास घेवक व्हयो."

बैठकीत कुणाचा तरी पंखा थांबला. हातातला हो.

"कशाचा?"

"धोंडसाचो. माझ्याच."

"कारण?"

काकी म्हणाली, "माझी आवस करायची धोंडस. माहेराक. मी चौदा वर्सांची आसताना ती गेली. तिच्या धोंडसाचो वास माझ्या नाकात आसा. माझ्या धोंडसाक तोच वास येता काय, ह्यां माका बघूचा आसा."

आवस म्हणजे आई, मंडळी.

अंकुशराव विरघळले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "काकी, त्यात काय! कमिटीचे सातही सभासद वास घेतील आणि तुम्हाला लेखी कळवतील."

"तुमी माझ्या आवशीच्या धोंडसाचो वास घेतल्यात कधी?"

आता आली का पंचाईत! तो वास घेतलेलं नाक या पृथ्वीवर एकच उरलं होतं. आणि नेमकं तेच बांधलेलं!

"पुढच्या वर्षी विचार करू," अध्यक्ष म्हणाले.

"पुढल्या वर्साक तो वास आठवलो नाय तर?" काकी म्हणाली. "पातळ होत चल्लो आसा तो. आदी डोळे मिटल्यार येय. आता बसून र्‍हवाचा लागता."

मंडळी, आईचा चेहरा विसरला तर भिंतीवर फोटो असतो. आवाज आता मोबाईलमध्ये साठवतात. वास कशात साठवायचा? कुठली पेटी आहे त्याला? — तुमची नव्हे हो पेटीवाले, तुम्ही वाजवा.

कमिटीने मुद्दा धोरणात्मक आहे असं नोंदवून चिवडा मागवला.

आणि तो दिवस उजाडला. सकाळची वेळ. टोप भाजून होत आला. काकी चुलीपाशी एकटी. बाहेर सनई. गावभर वास, कुत्री ओळीत. काकीने झाकणावरचे निखारे चिमट्याने बाजूला केले. फडकं सोडलं. झाकण उचललं. आणि —

हो मंडळी! हो! घेतला वास! वाकून, पोटभर घेतला! मघाशी मी म्हणालो ते घडलं होतं, माफ करा!

हळदीचं पान होतं त्यात. गूळ होता. ईडलिंबाची साल अशी झणकन वर आली, की डोळ्यांत पाणी यावं. वास अप्रतिम होता. आणि आईचा नव्हता.

नव्हता!

काकीने पुन्हा वाकून बघितलं. काहीतरी उणं होतं. वेलची? घातली. खोबरं? घातलं. चाळीस वर्षं आपण आईचंच धोंडस करतोय असं वाटत होतं, आणि ते भलत्याच कुणाचं निघालं! काकी तिथेच बसली. तेवढ्यात पुंडलिक गुरव टोप न्यायला आले. बघतात तर झाकण उघडं, नाक उघडं.

"मथुरा, काय केलंस गो ह्यां?"

"वास घेतलंय, मामा."

लपवलं नाही तिनं. मी असतो तर म्हणालो असतो, मांजर आलं होतं.

मग काय विचारता! एकच गोंधळ. दुसरं करावं तर तवसं नाही, तेवढं पिकलेलं ते एकच. टोप निखाऱ्यांवर परत ठेवला. अध्यक्षांचं भाषण घशात अडकलं, तेवढाच त्या दिवशीचा फायदा. शेवटी ठरलं — देवीलाच विचारू. कौल लावू! कोकणात ही रीत आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकीला सांगितलं, तू गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहा, गुन्हा तुझा आहे. चाळीस वर्षांत नैवेद्याच्या वेळी ती पहिल्यांदा तिथवर आली.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "बाये देवी, रांधणारणीन आदी वास घेतल्यान. तर ह्यो नैवेद्य उष्टो काय? सांग!"

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही.

पुन्हा विचारलं. पडेना. तिसऱ्यांदा विचारलं. अंकुशराव म्हणाले, "विषय विचाराधीन दिसतोय." अर्धा तास गेला. मुलं रडायला लागली. कुत्र्यांनी ओळ मोडली.

पुंडलिकमामा म्हातारे झाले होते. पाय दुखत होते, पोटात कावळे. ते वैतागले, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "आई, भूक लागली काय गो तुका?"

टप्! उजवी पाकळी खाली!

बघा मंडळी. उष्टं काय, पवित्र काय, याला तिनं उत्तर दिलं नाही. जेवतेस का म्हटल्यावर लगेच हो! आपल्या आयांसारखीच की. त्यांनाही हे विचारायचं कुणी मनावर घेत नाही.

टोप आणला. गुरवांनी देवीसमोर झाकण काढलं. वाफ उठली, देवीच्या चेहऱ्यावरून वर गेली. देवीच्या माथ्यावर वेणी होती, सोनटक्क्याची. ताजी, पांढरी, ओली. वाफ त्या फुलांतून वळली आणि उंबऱ्याकडे आली.

आणि काकीने दाराची चौकट धरली.

"आवस," ती म्हणाली.

तोच वास! तस्साच! आई चुलीशी वाकायची तेव्हा तिच्या डोक्यात सोनटक्का असायचा, मागच्या विहिरीपाशी फुललेला. मुलगी तिच्या काखेखालून मान घालून टोपात बघायची. जो वास तिनं पन्नास वर्षं धोंडसाचा म्हणून जपला, त्यात अर्धी आई होती.

किती वेळ टिकला? वाफ कितीशी टिकते! अध्यक्ष खाकरले, भाषण सुरू झालं, संपलं सगळं.

पण कमिटीला पाझर फुटला. ठराव झाला, फडकं बंद! पुढच्या वर्षी काकीने स्वतःच्या केसांत सोनटक्का माळला. जमलं नाही. आपण माळलेलं फूल आपल्या नाकाला सापडत नाही, शेजारच्याला सापडतं. तेव्हा अंकुशराव पुढे झाले. टक्कल! तरी दोऱ्याने वेणी बांधली डोक्याला, आणि काकीच्या शेजारी टोपावर वाकून उभे राहिले. चेहरा असा, जणू मोजणीला आलेत. गाव बघत होतं. एकही माणूस हसला नाही.

"काकी, सदर वास जुळतो का?"

काकीने डोळे मिटले. वाकून वास घेतला. मग हळूच म्हणाली, "वास जुळता, अंकुशा. पन आवस नाय."

मंडळी, आता तुम्ही. उद्या सकाळी घरी फोडणी बसेल. तुम्ही ओट्यापाशी जाल आणि झालं का म्हणून विचाराल. त्याऐवजी जरा जवळ उभे राहा. वाफ कढईतून किती येते आणि माणसातून किती येते, ते तेव्हाच समजतं. नंतर कढई तीच राहते हो! मसाला तोच राहतो. जी चुलीपाशी उभी आहे, ती जेवली का, एवढं तरी विचारा. देवीने त्याच प्रश्नाला उत्तर दिलं. नैवेद्य पोचतो तो असा.

आंबेखोलच्या देवस्थानात एक अर्ज आहे. काकीने सांगितला, अंकुशरावांनी लिहिला, आणि लिहिताना म्हणे दोनदा चष्मा पुसला. कमिटी दर बैठकीत तो काढते, वाचते आणि उभी राहते. तुम्हीही जरा उभे राहा. आजोबा, तुम्हीसुद्धा.

"प्रति, मा. अध्यक्ष, गावदेवी देवस्थान कमिटी, आंबेखोल. विषय : आई मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, धोंडस करतेवेळी माझी आई कै. वेणू हिची रांधपघरात आवश्यकता आहे. सबब, तिला येत्या आश्विनात, सकाळच्या प्रहरी, फक्त अर्धा तास, डोक्यात फूल माळून, चुलीपाशी हजर राहण्याची परवानगी मिळावी. तिच्या जाण्यायेण्याची व्यवस्था आपल्या स्तरावर व्हावी. तिला काम सांगितले जाणार नाही. ती फक्त वाकून उभी राहील. तरी मेहेरबानांनी योग्य तो आदेश त्वरित द्यावा, ही विनंती."