एका तासासाठी उघडलेली लाइन

—नाही हो वहिनी, जहाजाच्या संगणकाची नोंद नाही म्हणजे नाहीच! उद्या चौकशी आहे, मला काय ठाऊक नाही? तुमचे यजमान आणि मी एका डब्यात जेवणारी माणसं — तरी सांगतो, गोदीच्या संगणक विभागात तसला कागदच नाही. बसा ना, उभ्या का? जहाज खडकावर चढलं, इंजिनखोलीतले दोघे गेले, आणि वाट आखायचं काम तुमच्या यजमानांचं म्हणून सगळं खापर त्यांच्या माथी — अन्याय आहे, मान्य. नकाशाच्या पडद्यावर खोल पाणी दिसत होतं, मग माणूस पडद्यावरच विसंबणार ना? कागदी नकाशे तर जहाजावरून आम्हीच उतरवलेले — आम्ही म्हणजे... वरून हुकूम होता.

पडद्यावरचं कुणी बदललं? शिरलं कुणीतरी बाहेरून. कसं शिरलं, काय विचारता — अहो, यंत्रणा परक्या कंपनीची! जहाज आपलं, तोफा आपल्या, किल्ली त्यांच्या खिशात. जरा बिघडलं तरी आपण हात लावायचा नाही, त्यांचा माणूस तिकडे बसून दुरुस्त करणार. त्यासाठी लाइन उघडायची, म्हणजे जहाजाच्या संगणकाला बाहेरून दार. त्या सकाळीही उघडली — फक्त एका तासासाठी. साहेब डोक्यावर उभे, जहाज बाराला सुटायचं, मी काय करणार होतो?

हो, मीच उघडली. आणि बंद करायच्या आत फोन आला, आईला हॉस्पिटलात हलवलंय — तसाच पळालो. तीन दिवस, वहिनी! तीन दिवस दार सताड उघडं.

अशा बघू नका माझ्याकडे. होती नोंद, लाइन उघडल्याची. काल दुपारी पुसली, याच हातांनी. पुसली आणि लगेच कंपनीला लिहिलं, तुमच्याकडची प्रत द्या, फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. उत्तर काय, तर करारात बसत नाही! जहाज आपलं, मेलेली माणसं आपली, आणि करारात बसत नाही!

काय? नोंद नसेना का, मी बोलावं? नोंद पुसणाऱ्याचा शब्द कोण धरणार? नोकरी जाईल, तुरुंग होईल, आई अजून खाटेवर — आणि तुम्ही कागद-पेन पुढे करता! एक शिवी तरी हासडा!

...द्या ते पेन. सकाळपर्यंत माझी हिंमत टिकायची नाही, मी ओळखतो ना मला. लाइन मी उघडली — नोंद मी पुसली — ही सही, ही तारीख. घडी घाला. पर्समध्ये ठेवा. आणि जा आता. जिन्यापर्यंत पोचाल तेव्हा मी हाक मारेन, नक्की मारेन — वळू नका.