गजूच्या फोटोतला कोट

लग्नातल्या कोटाचं काय घेऊन बसला, आमच्या गजूले तर मेल्यावर कोट घातला होता. अमरावतीत रॉक वाजवणारा गिटारवाला तो एकच. खांद्यापर्यंत केस. त्या केसापायी बापानं दोनदा घराबाहेर काढलं, पण त्यानं कापले नाही. सव्विसाव्या वर्षी काविळीनं गेला.

तेरवीले पाहतो तर हार घातलेल्या फोटोत केस बारीक, अंगात कोट, टाय. गिटार गायब. डावा हात तेवढा खांद्यापाशी तसाच, बोटं वाकडी.

तडक राजापेठले स्टुडिओवाल्याकडे गेलो. म्हटलं, "हे काय केलं बे?"

"त्याच्या बाबानं सांगतलं, केस काप, हातातलं ते लाकूड काढ. कॉम्प्युटरवर पाच मिनिटाचं काम."

"अन् कोट?"

"कोट एकच हाय माझ्यापाशी. यंदा नापिकीपायी खेड्यातून रोज जवान माणसाइचे फोटो येऊन राहिले. सगळ्याइले तोच घालून राहिलो."

मी गजूच्या घरी परत आलो. गजूची मावशी फोटोसमोर हात जोडून उभी. म्हणे, "पाय, कसा आशीर्वाद देऊन राहिला पोरगा."

त्या बोटाइनं गिटारच्या तारा दाबून कॉर्ड धरलेली होती. पण ते तिथं सांगू कोणाले? मी बी पाया पडलो.