बायका का उठल्या?

तर मंडळी, आज एकच प्रश्न! ज्याच्या पायाशी बसून शिकलो, त्याचं चुकलं तर चारचौघांत सांगावं — की झाकावं? काय हो काका? झाकावं म्हणता? मग पलीकडे काकूंची मान आडवी का हलतेय? ऐका, ऐका!

सोनवडी गाव. तिथे दिगंबर कुंभोजकर. स्वतःचं साप्ताहिक — संपादक तोच, बातमीदार तोच, सायकलवरून अंक वाटणाराही तोच! लहानपणी कीर्तनकार गजाननबुवांच्या मागे झांज धरून उभा राहिलेला. सूर, भाषा, सभेत बोलायचं धाडस — सगळं बुवांनी दिलेलं. बुवा म्हणजे त्याचं दैवतच!

उत्सव आला. बुवांचं कीर्तन — आणि बायकांची बाजू अर्धी रिकामी! देवळाचे पंच म्हणाले, "दिगंबरा, लिही! हल्लीच्या सुना बिघडल्या. मोबाइल आला, देव गेला!"

सोपं होतं हो! असलं लिहायला देवळात यावंही लागत नाही! पण हा पडला चौकस. दुसऱ्या दिवशी बायकांच्या बाजूकडे तोंड करून बसला. पाहतो तो काय — निरूपण चाललंय, बायका तल्लीन! तेवढ्यात बुवांनी ठेवणीतला विनोद काढला — "सून स्कूटीवर, सासू लाटण्यावर!" पुरुष खो-खो हसले. आणि बायका? पदर सावरून एकेक उठली!

गेला मागोमाग. "ताई, का उठलात?"

कारखान्यातून थेट आलेली सुरेखा म्हणाली, "दादा, दिवसभर मशीनपुढं उभी राहते, घरी जाऊन भाकऱ्या थापते. बुवांचा अभंग ऐकला की शीण जातो माझा. पण देवाच्या दारात माझंच हसं? त्यापेक्षा घर बरं!"

दिगंबर घरी परतला. लिहावं तर गुरूचा अपमान! न लिहावं तर या बायांवर खोटा आळ! रात्रभर कागदापुढे बसला... आणि लिहिलं — "बुवांचा गळा तोच, भक्ती तीच. ऐकणारी बदलली आहे. ती देवापुढून उठली नाही. त्या विनोदापुढून उठली."

सकाळी अंक निघाला, गाव पेटलं! "खाल्ल्या ताटात घाण केली मेल्यानं!"

संध्याकाळी दिगंबर पार मागे, मान खाली घालून. पूर्वरंग संपला. आता रीत ठाऊक आहे ना? मध्यंतरात बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा. पंच हार घेऊन पुढे झाले. बुवांनी हात वर केला — "थांबा! दिगंबर कुठाय?"

सगळ्या माना मागे वळल्या! आला बिचारा पुढे. बुवांनी हार घेतला — आणि घातला की दिगंबरच्या गळ्यात! म्हणाले, "जन्मभर मी हसणाऱ्यांकडे बघत आलो रे. न हसणारी तुला दिसली. बस इथे पुढे. पुन्हा चुकलो, तर पुन्हा लिही!"

एवढा मोठा संपादक — ढसाढसा रडला!

धन्य तो शिष्य, धन्य तो गुरू! काळ बदलला की 'बिघडलं, बिघडलं' म्हणायला सगळे पुढे. जाऊन विचारणारा विरळा. असा कुणी तुमच्या गावात असेल, तर जपा त्याला! आणि काका, आज जेवताना विनोद कराल, तेव्हा वाढणारीच्या तोंडाकडे एकदा बघा. हसतेय का ती? नसेल, तर घास खाली ठेवा आणि विचारा. विचाराल ना? मोठ्यानं बोला — पलीकडे बायकांना ऐकू जाऊ द्या!