दोन्ही टाचा

...नाही नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? माणसाचं हाड मोडलं की पाठवा माझ्याकडे, ऐन जेवणाच्या वेळी पाठवा, मी हूं की चूं करत नाही! ओढतो, बसवतो, प्लास्टर घालतो, 'पाय उंच ठेवा' म्हणून सांगतो, विषय संपला! पण त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मी विचारायचं? मी? अहो, मी हाडांचा डॉक्टर! घरी बायकोनं तोंड फुगवलं तर का फुगवलंय हे मी मुलीला मधे घालून विचारतो!

त्या दिवशी झालं काय, तुम्हाला सांगतो, दुपारी कॅज्युअल्टीतून फोन. "सर, एक शिंपीकाका आलेत, घराच्या गच्चीवरून पडलेत, टाच गेलीय." गेलो. खोटं कशाला बोलू, जरा खुशीतच गेलो, टाच म्हणजे माझं आवडतं हाड! एक्स-रे उजेडात धरला आणि... तोंडचं पाणी पळालं. दोन्ही टाचा. अगदी सारख्या! आता पाय घसरलेला माणूस कसा पडतो? वेडावाकडा! हात पुढे टाकतो, मनगट मोडतो, खुबा मोडतो, कुठंतरी आपटतो. आणि या काकांच्या हाताला साधं खरचटलेलंसुद्धा नाही! उभेच्या उभे खाली आलेले. आता असं घसरूनही होतं कधीकधी, होत नाही असं नाही... पण मला घाम फुटला त्याचं काय?

खाटेशी काकू उभ्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "पाण्याची टाकी बघायला गेले होते हो, पाय घसरला." शेजारी त्यांचा भाऊ, म्हणजे काकांचा मेव्हणा, मोठा घाईचा गडी! "दाजींचा तोल गेला, दुसरं काही नाही. तुम्ही प्लास्टर घाला, संध्याकाळी घरी नेतो, पाहुणे यायचेत." आणि काका? काका छताकडे बघतायत. जणू पाय दुसऱ्याच कुणाचे मोडलेत!

मी हळूच बाहेर आलो, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, मला हे साधं पडणं वाटत नाही. "मलाही वाटलंच होतं, सर." म्हटलं, मग विचारा की! "मी? एक्स-रेत हाड मोडलेलं दिसतंय ना, पेशंट तुमचा!" गेलो फिजिशियनकडे. त्यानं नाडी बघितली, छाती बघितली, "ब्लडप्रेशर उत्तम, शुगर उत्तम, माझ्या बाजूनं माणूस ठणठणीत!" ठणठणीत! म्हटलं, अरे बाबा, तो खाली कसा आला ते तरी... "ते माझ्यात येत नाही." प्रत्येकाचे हात वर! आणि घोंगडं कुणाच्या गळ्यात? अहो, मी हाडांचा डॉक्टर!

शेवटी मानसोपचाराच्या मॅडमना फोन लावला. त्या दुसऱ्या हॉस्पिटलात. "मी संध्याकाळी येते. तोवर पहिली विचारपूस तुम्ही करायची. ज्याच्या वॉर्डात पेशंट, त्याची जबाबदारी." मी म्हटलं, मॅडम, मी विचारलं आणि नसलेलं त्यांच्या डोक्यात शिरलं तर? "विचारल्यानं शिरत नाही, डॉक्टर. असलंच तर बाहेर येतं. सरळ विचारा. आणि त्यांना एकटं सोडू नका." फोन बंद! मी फोन हातात धरून उभा... विचारलं तर पंचाईत, न विचारलं तर... न विचारलं तर संध्याकाळी मेव्हणा नेणार की हो त्यांना! प्लास्टर आज ना उद्या निघतं. गच्ची कुठं जाते?

आमच्या सिस्टर मोठ्या खमक्या. काकूंना आणि मेव्हण्याला "चला, जरा बाहेर बसा" म्हणून काढलं, मला आत ढकललं आणि सर्रकन पडदा ओढला! आता आत काका आणि मी. विचारलं, "काका, दुखतंय का?" म्हणाले, दुखतंय. विचारलं, "पाणी हवंय?" नको म्हणाले. मग मी काय विचारावं? "मशीन पायाची, की मोटरची?" अहो, टाचा मोडलेल्या माणसाला मी विचारतोय, मशीन पायाची का! "पायाची," म्हणाले. झालं, पुढं काय? पळावं म्हटलं तर पडद्याखालून सिस्टरचे बूट दिसतायत. हलत नाहीत! मी मनात ओरडतोय, अहो, मी हाडांचा डॉक्टर... आणि तोंडातून निघून गेलं, "काका, पाय घसरला, की... की तुम्हाला जीव... द्यायचा होता?"

आवाज असा चिरका लागला माझा! मग त्यांनी छतावरची नजर काढली आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"डॉक्टरसाहेब, या हातानं टाके घालणार तुम्ही मला? केवढा थरथरतोय!"

म्हटलं, "घाबरलोय हो, काका."

"मी पण," म्हणाले. आणि मग, "टाकी भरलेलीच होती. मला ठाऊक होतं. पाय नाही घसरला... आज मला घरी नका पाठवू." आणि रडले हो, ढसाढसा रडले. हाड बसवताना पाय धरतो ना घट्ट, तसा खांदा धरून बसलो.

बाहेर येऊन सांगितलं, काका इथंच राहणार. मेव्हणा उसळला, "पाहुण्यांना काय सांगू? लोक काय म्हणतील? पाय घसरलाय म्हटलं ना!" तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, "राहू दे त्यांना इथं. टाकी मीच भरली होती सकाळी." मेव्हणा मटकन बाकावर बसला!

मॅडम येईपर्यंत मी स्टुलावर बसून. काका म्हणाले, "कोटाचा खिसा उसवलाय तुमचा." मॅडम आल्या, खूप वेळ बसल्या, पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. म्हटलं, सुटलो! आता मॅडम आठवड्यातून एकदा इथं येतात, काका वॉकर घेऊन त्यांच्याकडे येतात. एकदा जाता जाता माझा कोट नेला, खिसा शिवून दिला.

सुटलो कसला? आता सगळ्या हॉस्पिटलात बोभाटा, 'हाडवाल्या सरांना विचारता येतं!' परवा पुन्हा कॅज्युअल्टीतून फोन. "सर, एक ताई आल्यात, जरा विचारता का?" म्हटलं, हाड कुठलं मोडलंय? "हाड एकही नाही, सर."

एकही नाही! अहो, मी हाडांचा... जाऊ दे. गेलो. थरथरताना दिसू नयेत म्हणून हात खिशात घालून गेलो. काकांची शिलाई आहे, टिकेल.