मशीनला चालणारी बाटली

नाय, हसून नाय बोलणार मी — शूटिंग घ्यायचं तर असंच घ्या, नायतर तो मोबाइल खिशात घाला, भाऊ. तानुबाई, सातपूरच्या बसथांब्यावरचं बाटल्यांचं मशीन सांभाळते — झालं? पुढं काय म्हणू? मशीननं आमच्यासारख्या कचरा वेचणाऱ्या बायांचं भलं केलं? कुणाचं भलं? रिकामी बाटली टाका, बसचं फुकट तिकीट घ्या — पोरं घरनं पिशव्या भरभरून आणतात, रस्त्यावर बाटली दिसत नाय, छान हाये. मग सरितानं काय वेचायचं? सरिता कोण? माझी नणंद! पेठ तालुक्यातनं दोघी संगंच आलो, एकाच गोणीत बाटल्या भरल्या. मला तुमच्या कंपनीनं हा निळा कोट दिला, ती ऱ्हायली गटारीच्या कडंला. आली ना ती पण, मशीन बसलं तेव्हाच, गोणी घेऊन — एक टाकली, मशीननं बाहेर फेकली, दुसरी टाकली, ती पण फेकली — चेपलेली चालत नाय, लेबल नसलेली चालत नाय — अन् मागची रांग फिदीफिदी हसायला लागली. ती माझ्याकडं बघत व्हती. मी काय करणार? तुमचं मशीन, तुमचा कायदा.

मग काय झालं म्हणजे? काय व्हायचंय? शिकली ती! बाटलीत तोंडानं जोरात फुंकायचं, चेप निघतो. लेबल मी देते — संध्याकाळी मशीनचं पोट रिकामं करताना चांगल्या बाटल्यांची सोलून घेते, ती घरी डिंकानं चिकटवते. आता एक बाटली परत येत नाय तिची! नाशकात आपल्या मशीनचा पयला नंबर म्हणून तुमच्या साहेबांनी पेढे वाटले — कुणाच्या जिवावर? चोरी? चोरी कसली हो? बाटली खरीच ना — नुसते कपडे बदलले तिचे, तर तुमचं मशीन लगेच या-बसा करायला लागलं...

चालू हाये का ते शूटिंग अजून? पुसा. पुसा म्हणते ना! — नाय? साहेबांना दाखवणार? दाखवा. खुशाल दाखवा. ही घ्या मागच्या दाराची चावी — उघडा पोट, घाला हात — गुटख्याची थुंकी, आंबलेलं सरबत, काय काय असतं आत. घाला की! काय शोधताय? हातमोजे?

मला पण कुणी नाय दिले. निघा.