बाबा गोड बोलले तेव्हा

...आणि डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, "इतके दिवस थांबलात कशाला?" अहो, थांबणार नाही तर काय करणार? तुम्हाला सांगतो, माझे वडील माझ्याशी गोड बोलत होते! आता वडील गोड बोलतात म्हणून कुणी त्यांना दवाखान्यात नेतं का?

आमचं शिवणकामाचं दुकान. काम बाबांनीच शिकवलं, आणि त्यांना लिव्हरचं दुखणं लागल्यापासून मी शिवतो नि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चुका काढतात. बाही फिरली, काज तिरकं, कॉलर बसली नाही... गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तरी यांचं आपलं, "त्याला काय कळतंय?" आणि अशा माणसाने एका सकाळी माझ्या हातातला शर्ट घेतला, कॉलरवरून हळूच बोट फिरवलं नि म्हणाले, "छान शिवलंस रे. माझ्यापेक्षा छान." गोड बोलले हो! मी मशीनवर वाकून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, गोड बोलले. मी हवेत! बायकोला म्हटलं, अगं, बाबा बदलले. ती भांडी विसळता विसळता म्हणते, "चहा दिला तर मलाही थँक्यू म्हणाले. काहीतरी बिनसलंय, दवाखान्यात न्या." मी तिच्यावरच चिडलो, म्हटलं, तुला बघवत नाही.

मग त्यांनी एका गिऱ्हाइकाची नवीकोरी पँट मधोमध कापली नि बसल्या जागी पेंगायला लागले. गदागदा हलवलं, तर डोळे किलकिले करून मलाच विचारतात, "आपण कोण?" गोडच बोलले हो, पण मी दुकानाचं शटर ओढलं. तसंच रिक्षात घालून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे धरायला सांगितले, तर पंजे पंखासारखे फडफडायला लागले. मग मला समजावलं... खाल्लेल्या प्रोटीनची अमिनो आम्लं होतात, ती मोडली की अमोनिया तयार होतो, धड लिव्हर तो निपटून टाकतं, यांचं टाकत नाही, मग तो चढतो मेंदूत नि माणसाचा स्वभावच पालटतो. म्हणजे बघा, जन्मात मिळालेली पहिली शाबासकी, तीही अमोनियाची!

पातळ औषध सुरू झालं, संडासच्या फेऱ्या सुरू झाल्या, अमोनिया उतरला. बाबा पुन्हा खुर्चीत. तो शर्ट अजून हँगरवरच होता. बराच वेळ निरखला.

"ही कॉलर कुणी बसवली?"

म्हटलं, बाबा, तुम्हीच तर छान म्हणाला होतात.

माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मी आजारी होतो रे."

आता बरे आहेत, तुम्हाला सांगतो, अगदी ठणठणीत. मी कॉलर उसवतोय.